आठ लाखांत पंचवीस लाखांची गाडी: घ्यावी की नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज मधूनच गायब होते, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना झालेलं 'अं... अं...' काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय: सेकंड हँड लक्झरी सेडान. लगेच म्हणू नका, "भाऊ, पुण्यात नोकरी लागली आणि हवा डोक्यात गेली." आधी काय झालं ते ऐका.

देऊळगाव राजाच्या अलीकडे

मागच्या उन्हाळ्यात आजीला संभाजीनगरच्या दवाखान्यात दाखवून आम्ही चिखलीला परत येत होतो. गाडी २००७ ची, एमएच-२८ पासिंग, बाबांनी जीव लावून सांभाळलेली. जालना सोडलं, आणि देऊळगाव राजाच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा थेट लाल पट्ट्यात. रेडिएटर गेलेला. रात्रीचे साडेनऊ, एसी बंद, आणि मागच्या सीटवर ८२ वर्षांची आजी. तिचा गुडघ्याचा पाय नीट वाकत नाही. दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला होतो.

आजी तेव्हा काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "मले नको नेऊ आता दवाखान्यात, बापा. तुमाले उगा तरास."

त्या दिवशी गाडी बदलायचं ठरलं. एकूण बजेट दहा लाख.

आता तुम्ही म्हणाल, दहा लाखांत नवीकोरी गाडी येते की. येते, आणि बऱ्याच घरांसाठी तोच बरोबर निर्णय आहे. आमची अडचण वेगळी होती. उंच एसयूव्हीत आजीला चढता येत नाही. छोट्या गाडीत तिला पाय लांब करता येत नाही. शिवाय घडीची व्हीलचेअर डिकीत मावली पाहिजे. कमी उंचीची सीट, मागे भरपूर जागा, मोठी डिकी... म्हणजे मोठी सेडान. आणि मोठी सेडान दहा लाखांत हवी तर ती जुनीच मिळणार.

इतकी स्वस्त का मिळते?

मोठी सेडान पहिल्या काही वर्षांतच अर्ध्याहून जास्त किंमत गमावते. पहिला मालक बहुतेकदा बिझनेसवाला किंवा कंपनी असते. चार-पाच वर्षांनी त्यांना नवीन मॉडेल हवं असतं. दुसऱ्या मालकाला मात्र खर्चाची भीती वाटते. विकणारे जास्त, घेणारे कमी, म्हणून भाव पडतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, जवळपास ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली होती. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या. पंधरा वर्षांनी खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, फिटनेस तपासणी होते, ग्रीन टॅक्स लागतो. अशी गाडी दुचाकीच्या भावात दिसली की हात शिवशिवतात, पण ती स्वस्त का आहे हे आधी स्वतःला विचारा.

दुसरा झरा दिल्लीचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. पुढे कोर्टात त्यावर बरंच काही झालं, पण तेव्हापासून तिथल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येत राहिल्या. रीलमध्ये 'दिल्लीची गाडी, एवढ्याच लाखात' दिसतं ना, ती हीच. फक्त त्या भावात तिथल्या आरटीओची एनओसी, इकडचं नवीन रजिस्ट्रेशन आणि महाराष्ट्राचा टॅक्स धरलेला नसतो. तो जोडून बघा, मग सांगा स्वस्त आहे का.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

या एपिसोडमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. २०१६ ला पंचवीस लाखांची असलेली गाडी आज आठ लाखांना मिळते. पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉकअप्स आजही पंचवीस लाखांच्या गाडीचेच आहेत. गाडीला डिस्काउंट मिळतो, पार्टला मिळत नाही.

म्हणून आम्ही दहा लाखांचे दोन भाग केले. आठच्या आत गाडी, आणि उरलेले गाडीच्या नावाने बाजूला. ज्याच्याकडे आठच लाख आहेत, त्याने सहाची गाडी बघावी. आठची घेऊन खिसा रिकामा केला तर पहिल्याच मोठ्या कामाला ती अंगणात उभी राहते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात.

आमच्या चिखलीच्या मिस्त्री काकांना विचारलं, कोणती घेऊ? ते म्हणाले, "बाबू, कोणतीबी घे. फक्त बंद पडली तर ती उघडणारा माणूस किती लांब हाय, ते आधी पाय."

मी सॉफ्टवेअरवाला. फीचर्सची एक्सेल शीट करून बसलो होतो. काकांचं ऐकून त्यात एकच कॉलम ठेवला: उघडणारा माणूस किती लांब?

मग कोणती?

पुण्या-मुंबईत कोणत्याही जर्मन गाडीचा कारागीर मिळतो. बुलडाणा जिल्ह्यात राहणाऱ्याला मात्र नकाशा काढावा लागतो. चिखलीहून संभाजीनगर साधारण १४० किलोमीटर, नागपूर त्याच्या दुपटीहून जास्त. आणि जालन्याकडून संभाजीनगरात शिरताना शेंद्रा एमआयडीसी लागते. स्कोडाचा कारखाना तिथे २००१ पासून आहे, ऑडीची जुळणीही २००७ पासून तिथेच सुरू झाली. या गाड्यांवर हात बसलेले स्वतंत्र गॅरेजवाले आम्हाला शहरात भेटले. आमच्या दवाखान्याच्याच रस्त्यावर. कॉलम भरला.

तरी बाकीच्याही पाहिल्या.

बीएमडब्ल्यू थ्री सिरीज चालवायला भारी, यात वाद नाही. पण जुन्या ३२०डी मधल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बाजूला असते. ती बदलायची तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. शिवाय बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसते. हवा गेली तरी थोडं अंतर जाता येतं, पण टायर फाटला तर? लोणार ते मेहकर रात्री अकरा वाजता त्या साइजचा टायर कोण देणार?

टोयोटा कॅमरी हायब्रिड दणकट आणि शांत. बॅटरीची तपासणी करून घ्यायची, आणि चांगली गाडी मिळाली तर सोडायची नाही. आम्हाला बजेटमध्ये मिळाली नाही.

राहिली स्कोडा सुपर्ब. तिसरी पिढी भारतात २०१६ ला आली. मागे आजीला पाय पसरता येईल एवढी जागा, आणि ६२५ लिटरची डिकी. पण हिच्यातही निवड आहे, नीट ऐका.

१.८ टीएसआय पेट्रोल दोन गिअरबॉक्समध्ये मिळायची: सहा गिअरची मॅन्युअल, आणि सात गिअरची डीएसजी ऑटोमॅटिक. इंजिन तेच, पण मॅन्युअलमध्ये टॉर्क ३२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये २५०. का? कारण त्या सात गिअरच्या ड्राय क्लच बॉक्सची झेपच तेवढी, म्हणून कंपनीने इंजिनाला लगाम घातला. या बॉक्सच्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत, आणि ते काम स्वस्तातलं नाही. २.० टीडीआय डिझेलला सहा गिअरचा वेगळा डीएसजी आहे, त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात. तो जास्त टिकाऊ मानला जातो, पण त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदललंच पाहिजे. त्याचं बिल नसेल तर काम झालेलं नाही असं समजा.

डिझेल की पेट्रोल? रोज शंभर किलोमीटर असेल तर डिझेल. आमची गाडी आठवडाभर दारात, मग एकदम संभाजीनगर. ज्या डिझेलला काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आहे, ती गावातल्या गावात फिरवली की फिल्टर चोंदतो. म्हणून पेट्रोल. हो, पंपावर आता ई-२० मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं पडतं. तो हिशोब धरूनच घेतली.

ठरलं: १.८ पेट्रोल, मॅन्युअल. बाजारात सगळ्यांना ऑटोमॅटिक हवी, त्यामुळे मॅन्युअल शोधायला वेळ लागला, पण भाव करायला जागा मिळाली.

गाडीचा लॉग वाचा

तीन महिन्यांत सात गाड्या पाहिल्या. एक डिझेल जर्मन सेडान बघून मी प्रेमातच पडलो होतो. मीटर ६२,०००, आतून चकाचक. खिशातला छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावला. एकही एरर नाही. विकणारा खूश. पण त्याच स्कॅनरवर दुसरा आकडा दिसतो: एरर पुसल्यापासून गाडी किती चालली. तिथे होतं ११ किलोमीटर. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी लॉग डिलीट केला होता. आपण सर्व्हरचा लॉग असा रिकामा पाहिला तर काय समजतो? तेच समजलो आणि चहा पिऊन निघालो.

तुम्हीही एवढं बघाच:

१. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

२. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा. प्रत्येक बिलावर किलोमीटर असतात. मधेच आकडा मागे गेला किंवा दोन वर्षं गायब झाली, तर सोडा.

३. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात उभी होती. कार्पेटखाली हात घाला, वास घ्या.

४. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं. समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर. सिंदखेड राजाकडून वर चढलं की १२० ची मर्यादा, मे महिन्याचं ऊन आणि तापलेलं काँक्रीट. तिथे म्हाताऱ्या टायरवर घरच्यांना बसवू नका.

५. पैसे देण्याआधी, ज्याच्याकडे पुढे काम करून घेणार आहात त्याच्याच रॅम्पवर गाडी चढवा. विकणारा नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर.

कागदांचं थोडक्यात: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८. ई-चलान ऑनलाइन तपासा, एचएसआरपी नंबर प्लेट आहे का बघा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हे आधीच धरून चाला.

आमचा हिशोब

२०१६ ची सुपर्ब, दुसरे मालक आम्ही, सगळी बिलं फाइलला. सात लाख साठ हजार. पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, प्लग, कूलंट, बॅटरी, चार टायर, ट्रान्सफर आणि इन्शुरन्स मिळून एक लाख पंधरा हजार. उरलेल्या सव्वा लाखाची एफडी. दहा महिन्यांत खड्ड्यांच्या कृपेने सस्पेन्शनचं एक काम निघालं, अठरा हजार. बाबांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, "बाबा, हे पैसे गाडीचेच होते, आपले नव्हतेच." तेव्हा कुठे जेवले.

गल्लीतले विचारतात, "काय राव, ॲव्हरेज किती देते?" खरं सांगतो, जुन्या गाडीपेक्षा कमी देते. ज्याला रोजचा प्रवास आहे आणि सव्वा लाख बाजूला ठेवणं जमत नाही, त्याने ही गाडी घेऊ नये. मोठेपणासाठी तर अजिबात नाही. लग्नाच्या वरातीत गाडी एक दिवस दिसते, बिल वर्षभर येतं.

मागच्या महिन्यात आजीची तपासणी होती. जाताना जालन्यापर्यंत ती गप्पा मारत होती, येताना पाय लांब करून झोपली. देऊळगाव राजा कधी गेलं तिला कळलंच नाही. घरी उतरल्यावर तिने एवढंच विचारलं, "पुढची तारीख कधीची दिली रे?"

तुम्ही कोणती गाडी बघताय, ती उघडणारा माणूस तुमच्या गावापासून किती लांब आहे, हे व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. आणि स्कॅनरशिवाय गाडी बघायला जाऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!