पोटातले जंतू आणि दमा

जंतू म्हटले की पटकी, विषमज्वर, हगवण असली नावे आठवतात. हे रोग जंतूंमुळेच होतात, यात खोटे काही नाही. पण सगळेच जंतू घातकी नसतात. दुधाचे दही कोण करते? विरजणातले जंतूच की! ते डोळ्यांना दिसत नाहीत. रात्री विरजण लावले की सकाळी त्यांचे काम तेवढे दिसते.

असे पुष्कळ जंतू आपल्या पोटातही राहतात. त्यांची मोठी वस्ती मोठ्या आतड्यात असते. माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. एवढ्यांचे वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास! भाजीचा आणि धान्याच्या कोंड्याचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जंतू खातात. त्यातून आतड्याच्या आतल्या अस्तराला पोषण मिळते.

त्यांचे आणखी एक काम आहे. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. शत्रू कोण आणि निरुपद्रवी कोण, हे तिला तान्हेपणीच शिकावे लागते. ते शिकवण्यात पोटातल्या जंतूंचा वाटा असतो. शिक्षण कच्चे राहिले, तर ही फौज घरातल्या धुळीवर, फुलांच्या परागांवरसुद्धा तुटून पडते. श्वासाच्या नळ्या सुजतात, आवळतात. छाती शिट्टीसारखी वाजू लागते. पुष्कळांचा दमा असा सुरू होतो.

कॅनडा देशात ३१९ बाळांची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २०१५ साली छापून आला. पुढे दमा होण्याचा धोका ज्या बाळांत दिसला, त्यांच्या तीन महिन्यांच्या वयातल्या शौचात चार जातींचे जंतू कमी होते. बाळे वर्षाची झाली तेव्हा हा फरक बराचसा मिटला होता. म्हणजे पहिले शंभर दिवस फार मोलाचे.

त्या चारांतल्या एका जातीचे नाव फीकॅलिबॅक्टेरियम. नाव लांबलचक आहे, पाठ करू नका! पण ही जात दुसरीकडेही भेटते. क्रोन नावाचा आतड्याच्या सुजेचा एक आजार आहे. त्यात पोट दुखते, जुलाब होतात, माणूस खंगतो. फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया झालेले असे रोगी तपासले. ज्यांच्या आतड्यात ही जात कमी होती, त्यांचा आजार सहा महिन्यांत उलटण्याचा संभव जास्त दिसला. हे २००८ सालचे. आता जंतू कमी म्हणून आजार, की आजारामुळे जंतू कमी? हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

पोटातली ही वस्ती उठते कशाने? मुख्य म्हणजे अँटिबायोटिक औषधांनी. ही औषधे वाईट जंतू मारतात, तसे चांगलेही मारतात. तणाबरोबर पीकही जळावे, तसे होते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डॉक्टरांनी तान्ह्या मुलांना ही औषधे देणे कमी केले. २००० साली हजार मुलांमागे सुमारे १,२५० चिठ्ठ्या लिहिल्या जात. २०१४ साली त्या ४९० वर आल्या. त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांत दम्याचे नवे रोगी हजारी २७ वरून २० वर उतरले.

म्हणून आमचे सांगणे आहे, साध्या सर्दीपडशाला बाळाला मागची उरलेली बाटली पाजू नका. सर्दी ज्या विषाणूने होते, त्याला हे औषध लागूच पडत नाही. साध्या पातळ जुलाबांना क्षारसंजीवनी आणि दवाखान्यातली झिंकची गोळी द्यावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे. शौचातून रक्त पडले तर मात्र दवाखाना गाठावा.

दही खाऊन दमा बरा होतो असे कोणी सांगेल. दही चांगले, जरूर खा. पण दमा त्याने जात नाही. पंप ओढल्याने त्याचे व्यसन लागते, ही समजूतही खोटी आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप मनाने बंद करू नका.

आणि अँटिबायोटिक म्हणजे विष, असेही कोणी समजू नये. न्यूमोनियात तेच बाळाचा जीव वाचवते. बाळ शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखान्यात न्या, आणि तिथे दिलेले औषध सांगितले तितके दिवस पुरे पाजा.