अपघात विभागातल्या सिस्टरचे निम्मे काम आपल्या हाती

खत-बियाणे, करपा, खोडकिडा हे विषय आज थोडे बाजूला ठेवू. लावणी सुरू झाली की आपल्या ठाणे जिल्ह्यात आणखी एक हंगाम सुरू होतो, तो दवाखान्याचा. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांतून साप चावलेली, फवारणीचे औषध अंगावर किंवा पोटात गेलेली माणसे आधी जवळच्या आरोग्य केंद्रात येतात. तिथून पुढे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय नाहीतर ठाण्याचे सिव्हिल. रात्री दोन वाजता स्ट्रेचर आत घेणारी पहिली व्यक्ती बहुधा सिस्टर असते. तिचे काम कसे चालते हे आपल्याला ठाऊक नसते. त्यातून भांडणे होतात आणि मोलाची मिनिटे वाया जातात.

साप चावल्यावर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. तेव्हा साप शोधण्यात, मारण्यात वेळ घालवू नका. लस सलाईनमधून साधारण तासाभरात जाते. मुलाला आणि मोठ्याला डोस सारखाच, कारण सापाने विष काही वय बघून टोचलेले नसते. लस सुरू झाल्यावर काहींच्या अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून अॅड्रिनलिनचे इंजेक्शन आधीच भरून ठेवून सिस्टर सुरुवातीला खाटेजवळ थांबते. घोणस, फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. ते पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. बाहेर नातेवाईक म्हणतात, ‘‘सिस्टर नुसत्या बसल्यात!’’ अहो, ती बसलेली नाही, ती नळीवर आणि घड्याळावर लक्ष ठेवून आहे.

मण्यारीची तऱ्हा निराळी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. खूण नीट दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि पुढे श्वास बंद पडू लागतो. मग व्हेंटिलेटर लागतो आणि तो मिळेपर्यंत हाताने पिशवी दाबून श्वास द्यावा लागतो. आयसीयूत सिस्टर नळीतला कफ ओढून काढते, ठरलेल्या वेळी कूस बदलते, डोळे कोरडे पडू देत नाही. माणूस निपचित दिसला तरी त्याला ऐकू येत असू शकते, म्हणून त्याच्याशी बोलत राहते. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण बरे होऊन चालत घरी जातात. ‘‘हलत नाही, संपला’’ असे समजून कोणी माघारी फिरू नये.

फवारणीचे औषध

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. भाताच्या पट्ट्यात कापसाइतकी फवारणी नसली तरी बाटली आपल्याही घरात असते. औषध कोणते, यावर पुढचे सगळे ठरते. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या औषधावर अॅट्रोपिन देतात. ते किती द्यायचे हे छातीतली घरघर, नाडी, बाहुली आणि घाम पाहून ठरते, म्हणून सिस्टर दर काही मिनिटांनी तेच तपासून लिहीत असते. अॅट्रोपिनने रुग्ण बडबडतो, हातपाय झाडतो. त्याला बांधावे लागते ते छळ म्हणून नव्हे, तर सलाईन निघू नये म्हणून.

पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही आणि त्यात गरज नसताना ऑक्सिजन दिला तर फुप्फुसाला अधिक इजा होते. ‘‘ऑक्सिजन का लावत नाही?’’ म्हणून सिस्टरच्या अंगावर जाण्याआधी हे लक्षात ठेवा. उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचे तर विचारूच नका. पहिला एक-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, नातेवाईक सही करून घरी नेतात आणि पुढे यकृत निकामी होते. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

एक सिस्टर, किती खाटा?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे आयसीयूत प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकीवर दोन-तीन गंभीर रुग्ण असतात. एकाची लस चालू, दुसऱ्याचे व्हेंटिलेटर वाजते आहे, तिसऱ्याची पोलीस नोंद बाकी. अशा वेळी तिने कोणाकडे आधी धावायचे? १२ आणि १३ ऑगस्ट २०२३ दरम्यान कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्याची चौकशी समिती नेमली गेली आणि गर्दी, खाटा, मनुष्यबळ यांची चर्चा राज्यभर झाली. राग समजण्यासारखा असतो. पण तो ड्युटीवरच्या मुलीवर काढून खाट वाढत नाही. परिचारिकेला मारहाण हा २०१० च्या राज्य कायद्याने दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आपल्याच मुली

या सिस्टर कोण? आपल्याच वाडी-पाड्यांतल्या मुलीही त्यात आहेत. बारावीनंतर जीएनएम तीन वर्षे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षे. त्यानंतर क्रिटिकल केअर किंवा इमर्जन्सी नर्सिंगची एक वर्षाची पदविका घेता येते. पुढे मात्र कंत्राटी नेमणूक, कसारा-कर्जत गाडीची गर्दी, ओळीने नाईट आणि लग्नाच्या बैठकीत ‘‘रात्रपाळी सोडणार ना?’’ हा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. सगळीकडे ती पाळली जात नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का ते पाहा, पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करा आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका. आणि हो, रात्रपाळी करणारी सून मिळाली तर सकाळी तिला झोपू द्या. पुढच्या रात्री तिच्या हातात कोणाचा तरी श्वास असतो.

गावाने एवढे करावे

१. आपल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, रात्री कोण असते, हे सरपंच आणि ग्रामसेवकांनी पावसाळ्याआधी विचारून ठेवावे. आधी तिथेच जावे. पहिला डोस घेऊन मग पुढे. १०८ चा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहावा.

२. चावलेल्या जागी चीर देऊ नये, घट्ट दोरी बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. हात-पाय हलू न देता रुग्णाला उचलून न्यावे. चावल्याची वेळ कागदावर लिहावी.

३. विषबाधेत भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. बाटली, लेबल, माहितीपत्रक नीट बांधून सोबत न्यावे. उतारा त्यावर छापलेला असतो.

४. दवाखान्यात एकानेच बोलावे. काय घडले ते खरे सांगावे. पोलीस केसच्या भीतीने औषधाचे नाव लपवले तर नुकसान रुग्णाचेच.

५. केसपेपर जपून ठेवावा. शेतकरी अपघात योजनेचा प्रस्ताव करताना सिस्टरने लिहिलेली वेळ आणि नोंद उपयोगी पडते.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे असे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आपल्या कृती आराखड्यात म्हटले आहे. लस, व्हेंटिलेटर, पुरेशा सिस्टर हे शासनाचे काम आहे आणि त्यासाठी ग्रामसभेत ठराव करून पाठपुरावा करायलाच हवा. पण वेळ, खरी माहिती आणि बाटलीचे लेबल या तीन गोष्टी गावातूनच जाव्या लागतात. यंदाच्या लावणीआधी एका ग्रामसभेत एवढा विषय घ्या.