वर्णपटाचा संशोधक आणि वर्णभेदाची भिंत

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या मुलामुलींना 'आयआर' हा शब्द नवा नाही. नमुना यंत्रात ठेवायचा, त्यातून अवरक्त किरण सोडायचे, कोणते किरण शोषले गेले ते आलेखावर पाहायचे आणि रेणूची ओळख पटवायची. या शास्त्राच्या पायाभरणीत एका कृष्णवर्णीय संशोधकाचा मोठा वाटा आहे, हे किती विभागांत सांगितले जाते? त्यांचे नाव डॉ. एल्मर सॅम्युएल इम्स.

१८८३ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे जन्म. शिक्षण नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ साली उघडलेली ही संस्था. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते डु बॉइस याच संस्थेचे, १८८८ चे पदवीधर. इम्स १९०३ साली पदवीधर झाले आणि पुढची काही वर्षे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांत शिकवत राहिले. मिशिगन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली १९१८ साली, म्हणजे पस्तिशीच्या उंबरठ्यावर. भौतिकशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय अमेरिकन. पहिले एडवर्ड बुशे, येल विद्यापीठ, १८७६. पहिल्या आणि दुसऱ्यात बेचाळीस वर्षे! आणि येलचे ते डॉक्टर बुशे फिलाडेल्फियाच्या एका शाळेत सव्वीस वर्षे शिकवत राहिले. विद्यापीठाने त्यांना दार उघडले नाही.

मिशिगनमध्ये हॅरिसन रँडल यांच्या मार्गदर्शनाखाली इम्स यांनी बारीक रेषाही सुट्या दिसतील असा वर्णपटमापक उभारला. हायड्रोजन क्लोराईड, हायड्रोजन ब्रोमाईड आणि हायड्रोजन फ्लोराईड या वायूंवर मोजमापे घेतली. आधीच्या उपकरणांना जिथे पसरट पट्टा दिसायचा, तिथे सुट्या सुट्या रेषांची रांग दिसली. अर्थ असा की रेणू मनाला येईल त्या ऊर्जेने फिरत नाही, त्याच्या फिरण्यालाही पायऱ्या आहेत. पुंज सिद्धांत रेणूच्या फिरण्यालाही लागू आहे, याचा हा भक्कम पुरावा होता. रेषांमधल्या अंतरावरून दोन अणूंमधले अंतर काढता येऊ लागले. हायड्रोजन क्लोराईडच्या एका पट्ट्यात तर प्रत्येक रेषेच्या शेजारी आणखी एक फिकी रेषा होती. १९२० साली इतर शास्त्रज्ञांनी तिचा उलगडा केला: क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, ३५ आणि ३७. इम्स यांचा निबंध छापून आला होता १९१९ साली.

एवढे काम केलेल्या माणसाला कोणत्या प्रयोगशाळेने बोलावले? कोणत्याही नाही. गोऱ्यांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय प्राध्यापकाला जागा नव्हती आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत यंत्रे नव्हती. ते न्यूयॉर्कला गेले. दहाएक वर्षे खाजगी कंपन्यांत अभियंता म्हणून काढली, मोजमापाच्या उपकरणांची पेटंटे घेतली. (त्यांच्या पत्नी नेला लार्सन या नामवंत कादंबरीकार, त्यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवे.) त्याच १९१८ साली कोलंबियाहून शिकून आलेले बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे सहकाऱ्यांची हरकत होती, ती त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याला.

१९३० साली इम्स फिस्कमध्ये भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून परतले. शिकवायचे त्यांनीच, उपकरणे मिळवायची त्यांनीच, नव्या इमारतीचा आराखडाही त्यांनीच पाहायचा. संशोधनासाठी उन्हाळ्याच्या सुटीत मिशिगन गाठायचे. १९१९-२० नंतर त्या तोलाचा निबंध त्यांच्या नावावर नाही. मेरिटवाले यावर बोट ठेवतील. आम्ही त्यांना विचारतो, बारा वर्षे यंत्रापासून दूर ठेवलेल्या माणसाकडून कसला हिशेब मागता?

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतील अध्यापकांच्या भरतीत आरक्षण दिले. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने परिशिष्टातल्या संशोधन संस्था त्यातून वगळल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. म्हणजे वर्गातल्या खडूवर हक्क, यंत्राच्या खोलीवर नाही! आमची मुले नेट-सेट होतात, पीएच.डी. होतात, आणि आपण पेढे वाटून मोकळे होतो. त्यांना प्रयोगशाळा कोण देणार, यावर चळवळीत चर्चा होत नाही.

इम्स यांनी मात्र फिस्कमध्ये एक विद्यार्थी घडवला, जेम्स लॉसन. १९३५ साली तो फिस्कमधून पदवीधर झाला आणि गुरूच्याच वाटेने मिशिगनला जाऊन १९३९ साली अवरक्त वर्णपटावर पीएच.डी. करून आला. सप्टेंबर १९४१ मध्ये इम्स वारले. पुढे लॉसन यांनी फिस्कमध्ये अवरक्त किरणांची प्रयोगशाळा उभी केली. ज्या नॅशव्हिलमध्ये काळ्यांना हॉटेलात गोऱ्यांशेजारी बसून जेवता येत नव्हते, त्याच नॅशव्हिलमध्ये १९५० च्या दशकात ठिकठिकाणचे काळे-गोरे रसायनशास्त्रज्ञ फिस्कच्या उन्हाळी वर्गात एकत्र बसून ते यंत्र चालवायला शिकत होते. १९६७ साली लॉसन त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.