लेखकामागे संकेतस्थळाचे वारस कोण?

देवळाली प्रवरा ज्या राहुरी तालुक्यात आहे, त्याच राहुरीत रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे काही काळ वास्तव्य होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि अखेरची भर पुत्र देवदत्त यांनी घातली. हस्तलिखित घरातच असल्याने हे शक्य झाले. आज लेखन संकेतस्थळावर असते आणि त्याचा पासवर्ड बहुधा एकट्या लेखकालाच ठाऊक असतो.

कायदा वारसांच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या हयातीतील पुस्तकांना २०६० अखेरपर्यंत संरक्षण आहे. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणाला दिले, तर वेगळा उल्लेख नसल्यास त्यावरील कॉपीराइटही त्यालाच मिळतो, असे कलम २० सांगते. मात्र लेखकाने प्रकाशकाला लेखी दिलेले हक्क वारसांना आपोआप परत मिळत नाहीत. जुने करारपत्र शोधणे म्हणूनच आवश्यक. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती ५ वर्षे मानतो.

संकेतस्थळाचे गणित निराळे आहे. त्याचे नाव ठरावीक मुदतीसाठी नोंदलेले आणि जागा भाड्याची असते. नूतनीकरणाचे स्मरणपत्र दिवंगताच्या ई-मेलवर येते, ते कोणी उघडत नाही, आणि काही आठवड्यांत पाने दिसेनाशी होतात. पुढे ते नाव कोणीही घेऊ शकतो. साठ वर्षांचा हक्क शाबूत, पण साहित्यच जागेवर नाही, अशी ही विचित्र अवस्था!

लेखकाने मृत्युपत्रात कॉपीराइट आणि संकेतस्थळ यांचा स्पष्ट उल्लेख करून जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पासवर्ड मात्र त्यात लिहू नये, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हाती जाते. गुगलने २०१३ पासून खाते निष्क्रिय झाल्यावर माहिती कोणाला द्यावी, हे आधीच ठरवण्याची सोय केली आहे. ही तजवीज राहून गेली असेल, तर वारसांनी सेवा देणाऱ्या कंपनीकडे मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काची कागदपत्रे घेऊन जावे. तत्पूर्वी, पाने दिसत आहेत तोवरच, सर्व मजकूर व छायाचित्रे उतरवून घ्यावीत.