कळंबचं सागवान भंगारात, डेन्मार्कचं लिलावात: जुन्या खुर्चीला लाखांचा भाव येतो तरी कसा?

यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की वाटेत कळंब लागतं. धाराशिव जिल्ह्यातलं नव्हे, चिंतामणीचं कळंब. गणपतीच्या दर्शनाला इथे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गावाभोवतीचा सगळा पट्टा सागवानाचा. त्यामुळे कळंब असो की पांढरकवडा, जुन्या घरांत सागवानी दारं, कपाटं, पलंग, आरामखुर्च्या हमखास सापडतात.

पण जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं की या सामानाचं काय होतं? नव्या हॉलमध्ये सोफासेट येतो, खुर्च्या माळ्यावर जातात आणि एखाद्या दिवाळीत भंगारवाला त्या घेऊन जातो. बऱ्याचदा लाकडाच्या भावातच.

आता हे बघा. युरोप-अमेरिकेत लोक 1950 च्या आसपासच्या सागवानी खुर्च्या लिलावात बोली लावून विकत घेतात. त्यातल्या काहींना लाखांचा भाव मिळतो. ही खुर्ची सोन्यानं मढवलेली नसते, तिच्यावर नक्षीही नसते. साधं सागवान आणि वेताची किंवा दोऱ्याची बैठक. या प्रकाराला 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात आणि त्यातला सगळ्यात गाजलेला प्रकार स्कॅन्डिनेव्हियाचा, त्यातही डेन्मार्कचा.

मग लाकूड तेच असताना एक खुर्ची भंगारात आणि दुसरी लिलावात का?

डेन्मार्कमध्ये सागवान आलं कुठून?

डेन्मार्कमध्ये सागाचं झाड उगवत नाही. तिथली थंडी सागाला सोसत नाही. हे लाकूड तिथे गेलं आशियातून. 1897 साली 'ईस्ट एशियाटिक कंपनी' नावाची डॅनिश कंपनी सुरू झाली. सयाम म्हणजे आजच्या थायलंडमधलं सागवान हा तिचा मोठा धंदा होता.

सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं. म्हणून त्याला उधई सहजासहजी लागत नाही आणि ओल-उन्हानं ते फारसं वाकतही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डॅनिश कारागिरांनी हे लाकूड मनापासून उचललं. घरं लहान, पैसा बेताचा. त्यामुळे वजनाला हलकं, दिसायला साधं आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारं सामान हवं होतं.

याची तयारी मात्र आधीपासून चालू होती. 1924 साली कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत कोरे क्लिंट यांनी फर्निचरचं शिक्षण सुरू केलं. माणूस बसतो कसा, कपाटात किती शर्ट मावतात, असली मापं घेऊन ते डिझाइन करायला शिकवायचे. 1927 पासून तिथल्या सुतारांच्या संघटनेनं दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. ते 1966 पर्यंत चाललं. या प्रदर्शनात एक डिझायनर आणि एक सुतार अशी जोडी जमायची. कागदावर रेघ ओढणारा आणि रंधा मारणारा, दोघांनाही मान होता.

सहकारातून आलेली खुर्ची

महाराष्ट्राला सहकार नवा नाही. डेन्मार्कमध्ये सहकारानं फर्निचरही बनवलं. तिथल्या सहकारी ग्राहक संस्थांच्या संघानं, म्हणजे एफडीबीनं, 1942 साली बोर्ग मोगेनसेन यांना आपल्या फर्निचर विभागाचं प्रमुख केलं. काम एकच, सामान्य माणसाला परवडेल असं चांगलं सामान काढायचं. 1947 साली त्यांची जे-39 ही खुर्ची आली. लोकांनी तिला 'लोकांची खुर्ची' असंच नाव दिलं.

1949 हे वर्ष तर खुर्च्यांचंच म्हणायला हवं. त्या वर्षी हान्स वेग्नर यांनी 'राउंड चेअर' केली. 26 सप्टेंबर 1960 रोजी अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवरची गाजलेली चर्चा झाली, तेव्हा स्टुडिओत हीच खुर्ची होती. वेग्नर यांचीच 'विशबोन चेअर' 1950 पासून आजपर्यंत सलग बनतेय. तिची बैठक कागदाला पीळ देऊन केलेल्या दोरीची असते आणि एका खुर्चीला साधारण 120 मीटर दोरी लागते. विदर्भातल्या अंगणात बाज विणताना ज्यांनी पाहिलीय, त्यांना या विणकामाचं अप्रूप वाटणार नाही, पण त्यामागची मेहनत लगेच कळेल.

1954 ते 1957 या काळात 'डिझाइन इन स्कॅन्डिनेव्हिया' हे प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडाभर फिरलं. तिथल्या मध्यमवर्गानं हे फर्निचर डोक्यावर घेतलं. पुढे फॅशन बदलली, प्लास्टिक आणि स्टील आलं आणि हेच सामान अडगळीत गेलं. 1990 नंतर हौशी संग्राहकांनी ते पुन्हा शोधून काढलं आणि भाव चढत गेले.

आपल्याकडचं उदाहरण: चंदीगड

हे सगळं तिकडचं झालं. पण सागवानी खुर्चीचा हाच प्रवास भारतातही झालाय, तोही सरकारी कचेरीतून.

1950 च्या दशकात चंदीगड शहर उभं राहत होतं. ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ आणि स्वित्झर्लंडचे वास्तुविशारद पिएर जान्नेरे 1951 साली तिथे आले आणि 1965 पर्यंत राहिले. सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, ग्रंथालय या सगळ्यांना हजारोंनी खुर्च्या-टेबलं लागणार होती. जान्नेरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ती डिझाइन केली. त्यात वास्तुविशारद युली चौधरी यांचाही वाटा होता. स्थानिक सुतारांनी सागवान आणि वेत वापरून हे सामान घडवलं. इंग्रजी 'व्ही' अक्षर उलटं धरल्यासारखे पाय असलेली खुर्ची इन्स्टाग्रामवर दिसते, ती हीच.

पुढे ऑफिसांत नवीन सामान आलं. जुन्या खुर्च्यांचे गच्चीवर आणि आवारात ढीग लागले. 'निरुपयोगी' असा शेरा मारून सरकारी लिलावात त्या किरकोळ किमतीला निघाल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि परदेशी लिलावात लाखांना विकल्या. एमी सीगल या अमेरिकी कलाकार महिलेनं 2013 साली या प्रवासावर 'प्रोव्हेनन्स' नावाची फिल्म केली. फिल्म उलटी चालते. सुरुवात परदेशातल्या आलिशान घरात आणि शेवट चंदीगडच्या कचेरीत.

सरकारला जाग आली तोवर बरंच सामान बाहेर गेलं होतं. 2011 साली केंद्रीय गृह मंत्रालयानं या फर्निचरची विक्री आणि निर्यात थांबवण्याचे आदेश दिले. नंतर मोजणी झाली, तेव्हा साडेबारा हजारांहून जास्त वस्तू वारसा म्हणून नोंदवल्या गेल्या. तरी परदेशातले लिलाव थांबत नाहीत. कारण भारताचा 1972 चा पुरावस्तू कायदा साधारणपणे 100 वर्षं पूर्ण झालेल्या वस्तूंना लागू होतो. 1955 ची खुर्ची त्यात बसत नाही.

मग किंमत नेमकी कशाची?

किंमत लाकडाची असती, तर विदर्भ कधीच मागे पडला नसता. लाकडाच्या बाजारात आजही 'सीपी टीक' हा शब्द चालतो. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, त्यात आपला विदर्भही आला. 2023 साली संसदेच्या नव्या इमारतीत नागपूरचं सागवान लागलं. त्याच वर्षी अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं. लाकडात आपण कुणाला हार जाणारे नाही.

फरक पडतो नोंदीमुळे.

फिन युल हे डॅनिश डिझायनर आणि नील्स वोडर हे त्यांचे सुतार. त्यांची खुर्ची उलटी केली की लाकडात डाग देऊन उमटवलेला शिक्का दिसतो. त्यावर डिझायनरचं नाव, सुताराचं नाव आणि गावही. सत्तर वर्षांनी कुणीही सांगू शकतं की ही कुणी, कुठे बनवली. चंदीगडच्या खुर्च्यांवर रंगानं खात्याचं नाव आणि नंबर लिहिलेला असतो. तो सरकारी नंबर आज अस्सलपणाचा पुरावा ठरतो. पण ज्या सुतारांनी त्या घडवल्या, त्यांची नावं मात्र त्यावर नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घरातली आरामखुर्ची कुण्या मिस्त्रीनं केली, कोणत्या साली केली, हे आजोबांना माहीत होतं. आजोबा गेले, माहिती गेली आणि उरलं ते नुसतं लाकूड. लाकूड मग लाकडाच्याच भावात जातं.

संग्रह करायचाच असेल तर

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असू द्या. प्रत्येक जुनी सागवानी खुर्ची लाखाची नसते. घरातली खुर्ची डॅनिश किंवा चंदीगडची निघण्याची शक्यता फारच कमी. पण नजर तयार करायला पैसे लागत नाहीत.

▪ खुर्ची उलटी करा. शिक्का, नंबर, लेबल, पेन्सिलची खूण, सगळं खालच्या बाजूला असतं.

▪ जोड बघा. चांगल्या कामात खिळे-स्क्रू कमी आणि लाकडात लाकूड बसवून केलेले जोड जास्त असतात.

▪ घाईनं घासून चकाचक पॉलिश करू नका. जुना रंग आणि शिक्का एकदा गेला की तो परत येत नाही आणि वस्तूची किंमतही उतरते.

▪ 'स्कॅन्डिनेव्हियन स्टाईल' या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ फक्त तसं दिसणारं, तिथून आलेलं नव्हे. जान्नेरे यांच्या डिझाइनच्या खुर्च्या बेंगळुरूची फँटम हँड्स ही कंपनी आज नव्यानं आणि उघडपणे बनवते, ते ठीकच. पण नव्याला जुनं म्हणून विकणारेही आहेत. कागदपत्रं, जुनी बिलं, आधीच्या मालकाची माहिती मागाच.

▪ परदेशातून मागवणार असाल तर लाकूड कोणतं ते विचारा. त्या काळच्या अनेक डॅनिश वस्तू ब्राझीलच्या रोझवूडच्या आहेत. 1992 पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत आणि परवान्याशिवाय वस्तू कस्टम्समध्ये अडकू शकते. सागवानाला हा नियम नाही.

▪ बजेट कमी असेल तर आपल्याकडच्याच वस्तूंपासून सुरुवात करता येते. गोदरेजनं 1955 साली मुंबईत काढलेला टाइपरायटर, त्या काळच्या स्टीलच्या खुर्च्या, वेताचं सामान. हा सगळा आपला मिड-सेंच्युरीच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम फुकटात होतं. घरातल्या जुन्या सामानाचे फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की हे कुणी केलं, कधी केलं, लाकूड कुठून आणलं. मिस्त्रीचं नाव, गाव आणि साल एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी खुर्चीच्या खाली चिकटवा. लिलावात तिला लाख मिळतील असं नाही. पण भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी घरातलं कुणीतरी ती चिठ्ठी नक्की वाचेल.