सीताअशोक व हिरडा : बीजसंग्रह आणि रुजवण

द्रव्य चांगले वाळवून हवाबंद ठेवावे, ही औषधनिर्मितीतील आपली सवय. बीजाच्या बाबतीत मात्र हीच सवय घातक ठरू शकते. सीताअशोकाचे बी हे त्याचे ठळक उदाहरण होय. या बियांत ओलावा पुष्कळ असतो आणि तो घटताच त्यांची अंकुरणक्षमता नष्ट होते. म्हणून वर्षभर साठा करण्याचा विचारच सोडावा. पावसाळ्याच्या सुमारास शेंगा काळपट होऊन उकलू लागल्या की बी गोळा करून दोन-चार दिवसांत पेरावे. ते न जमल्यास सावलीत ओलसर वाळूत ठेवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवल्यास बुरशी धरते.

हिरड्याचे गणित निराळे. त्याची आठळी वाळवून ठेवता येते. अडचण आहे ती कठीण कवचाची. पक्व फळांचा गर काढावा, आठळीचे रुंद टोक आतील गर्भास धक्का न लावता छाटावे आणि ३६ तास थंड पाण्यात भिजवून पेरावे. (बाळहिरडा हे अपक्व फळ, त्यातून रोपाची आशा नको.)

अशोकारिष्टाकरिता येणाऱ्या सालीत आसुपालवाची भेसळ असते, ही आपली जुनी तक्रार. परंतु रोपवाटिकेत नुसता ‘अशोक’ मागितला तर तेथेही आसुपालवच हाती पडण्याचा संभव असतो. यास्तव बी झाडाखालूनच, फळ पाहून घ्यावे. सीताअशोकास चपटी, रुंद शेंग येते. आसुपालवास लहान अंडाकृती फळांचे झुपके येतात.