परसबागेतील रसभरी : बीजापासून फळापर्यंत

उत्तर प्रदेश व बिहारमधील बाजारांत हिवाळा सरत असताना कागदासारख्या वाळक्या वेष्टनात दडलेली सोनेरी-नारिंगी फळे टोपल्यांतून विक्रीस येतात. तीच रसभरी, बंगालमध्ये तिला टेपारी म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतील केप वसाहतीत लावली जाऊ लागली आणि ‘केप गूजबेरी’ हे नाव तिला चिकटले. ती टोमॅटो-वांग्याच्या कुळातील असल्याने टोमॅटोचे रोप करता येणाऱ्यास रसभरीही जमेल, असे सांगितले जाते. ते बहुतांशी खरे आहे. परंतु उगवण आणि खतव्यवस्थापन या दोन बाबतींत ती वेगळी वागते व बहुतेकांचे वर्ष तेथेच वाया जाते.

बियाणे बाजारातील पूर्ण पिकलेल्या फळांतूनही मिळते. गर पाण्यात कुस्करून एक-दोन दिवस ठेवावा, तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे. एका फळातून शंभराहून अधिक बिया सहज निघतात, म्हणून परसबागेसाठी दोन-तीन फळे पुरेशी होतात. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या रानटी चिरबोटीचे बी मात्र रसभरी समजून घेऊ नये. रसभरीची पाने हृदयाकृती व मखमली लवेची असतात आणि पिवळ्या फुलाच्या आत पाच गडद ठिपके ठळक दिसतात.

जून-जुलैमध्ये ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर पेरणी करावी. बी अतिशय बारीक असल्याने ते अर्धा सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर पुरे. उगवणीस दहा ते पंधरा दिवस, कधी तीन आठवडेही लागतात. टोमॅटोचे बी आठवड्यात उगवते, या सवयीने अनेकजण आठव्या दिवशीच माती उकरून पाहतात आणि अंकुर मोडतात. बियाणे खोटे निघाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास विस्तार कार्यकर्त्याने प्रथम पेरणीची खोली व दिवस विचारावेत. ओलावा टिकवावा, पण पाणी साचू देऊ नये. अन्यथा कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

रोपे 15 ते 20 सेंटिमीटर उंचीची झाली की सुमारे 75 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. मागील हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतलेली जागा टाळावी, कारण रोग समान असतात. पेरणी लांबवणे उत्तरेकडे विशेष महागात पडते : दव गोठण्याइतकी थंडी या झाडास सोसत नाही आणि उशिरा लावलेले कोवळे झाड तिच्यात सापडते.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. शेणखत व युरियाचा सढळ हात मिळाला की झाड कमरेपर्यंत हिरवेगार माजते, फळे मात्र मोजकीच धरतात. मध्यम कसाची, निचऱ्याची जमीन व लावणीच्या वेळचे कुजलेले शेणखत बहुधा पुरेसे असते. फांद्या पसरतात, म्हणून काठीचा आधार द्यावा. फळे पिकू लागताच पाणी कमी करावे.

फुलापासून फळ पिकण्यास साधारण 70 ते 80 दिवस लागतात. वेष्टन गवताळ रंगाचे होऊन वाळते आणि फळ आपोआप गळते. झाडाखाली गोणपाट अंथरून गळलेली फळे एक दिवसाआड वेचणे हीच सोपी काढणी. कच्ची हिरवी फळे, पाने व खोड यांत विषारी द्रव्ये असतात. अंगणात लहान मुले असतील तर ही गोष्ट रोप देतानाच सांगावी. फळे वेष्टनासह कोरड्या, थंड जागी ठेवल्यास आठवडेच्या आठवडे टिकतात, आणि त्यांतीलच उत्तम झाडाची काही फळे पुढील हंगामाच्या बियाण्यासाठी बाजूला काढता येतात.